गच्चीवरून मृगातला नेब्युला: गायडिंग नाही, १० सेकंदांच्या फ्रेममधून काही हाती लागतं का?

गच्चीकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आधी सामान सांगतो. १५० मिमीची न्यूटोनियन, फोकल लेंग्थ ७५०, म्हणजे एफ/५. खाली ईक्यू-३ माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारा स्टँड) आणि त्याला एकाच अक्षाची साधी मोटर, गोटू (वस्तू आपोआप शोधणं) वगैरे नाही, गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा धरून माउंटच्या चुका सतत सुधारणं) तर नाहीच. कॅमेरा कॅनन १३००डी, सेकंडहँड, आतला फिल्टर काढलेला नाही, कंपनीतून आला तसाच. दिवाळीचा बोनस यातच संपलाय त्यामुळे 'गायड कॅमेरा घे' हा सल्ला बरोबर असला तरी यंदा जमणार नाही.

जागा कोथरूड, सोसायटीची गच्ची. खाली रस्त्यावर नवे पांढरे एलईडी, समोरच्या क्लबहाऊसचा फ्लडलाइट रात्री ११ पर्यंत चालू, आणि उत्तरेला शेजारची बिल्डिंग अशी उभी आहे की ध्रुवतारा मला फक्त ॲपमध्येच दिसतो.

प्रॉब्लेम असा की यूट्यूबवर जो तो ५-५ मिनिटांचे सब (स्टॅकमधली एकेक सुटी फ्रेम) घेतोय. माझ्याकडे ३० सेकंद लावले की साधारण निम्म्या फ्रेममध्ये तारे लांबुळके होतात आणि गंमत म्हणजे उरलेल्या निम्म्या मस्त गोल, काही पॅटर्न कळत नाही. १० सेकंदांना जवळपास सगळ्या चांगल्या येतात. एम ४२ चा (म्हणजे मृगातल्या या नेब्युलाचा, तेजोमेघाचा) मधला भाग एका फ्रेममध्येच दिसतो, बाजूच्या फिकट पंखांचं मात्र नावच नाही.

तर प्रश्न हा की १० सेकंदांच्या शेकडो फ्रेम घेऊन स्टॅक केल्या (जुळवून एकत्र जोडल्या) तर ५ मिनिटांच्या फ्रेमसारखं काही मिळतं का? ऑफिसमधला एक मित्र लग्नाचे फोटो काढतो, तो म्हणतो जे एका फ्रेममध्ये आलंच नाही ते शंभर फ्रेममधून कुठून येणार, शून्याला शंभरने गुणलं तरी शून्यच. पटतं पण आणि नाही पण.

आणि एम ४२ सोडून या पद्धतीने अजून काय काय जमेल? लाइट पोल्यूशन फिल्टर घेऊ का?

---

मृगजळ

स्वागत. मित्राला चहा पाज आणि सांग की त्याचं गणित फिल्मवर खपलं असतं, सेन्सरवर नाही. फिल्मवर उजेड फारच कमी असला की तिची संवेदनक्षमता घसरायची, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम मिळायचा नाही, त्यामुळे जुने लोक एकेका फ्रेमला तासतासभर आयपीसला डोळा लावून हाताने गायडिंग करायचे. एम ४२ चा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला काढला, ११ इंची दुर्बिणीतून, आणि त्या एका फ्रेमला ५१ मिनिटं लागली होती. आपल्या डोक्यात ती सवय अजून बसलेली आहे.

सेन्सर सरळ मोजतो. समजा पंखाच्या एखाद्या फिकट कोपऱ्यातून एका पिक्सेलला ५ सेकंदांत सरासरी एक इलेक्ट्रॉन मिळतोय. मग १० सेकंदांच्या फ्रेममध्ये सरासरी २. कुठल्या फ्रेममध्ये ० कुठल्या ४, डोळ्याला काहीच दिसणार नाही कारण गोंगाट त्यापेक्षा मोठा आहे. पण ३६० फ्रेम जोडल्यास तर ते ७२० होतात. तू शून्याला गुणत नाहीयेस, दोनाला गुणतोयस.

मग लोक ५ मिनिटं का देतात? कारण प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतःची थोडी खरखर घुसडतो, रीड नॉइज म्हणतात ती. हा टोलनाका समज, १० सेकंदांची फ्रेम असो की १० मिनिटांची, नाका आला की तेवढेच पैसे. फ्रेम जास्त म्हणजे टोल जास्त वेळा. पण तुझ्या गच्चीवर याच्यापेक्षा मोठा खर्च वेगळाच आहे, तो म्हणजे आकाशाचा उजेड.

थोडं गणित करू, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद वाच. समजा शहराच्या आकाशातून पिक्सेलला सेकंदाला ५ इलेक्ट्रॉन येतायत (आकडा फक्त समजण्यासाठी धरलाय) आणि तुझ्या कॅमेऱ्याचा रीड नॉइज आयएसओ १६०० ला ३ इलेक्ट्रॉन धरू. एकूण वेळ एक तास. आकाशाचे झाले १८०००, त्याचा नॉइज वर्गमूळ म्हणजे १३४. आता ५ मिनिटांच्या १२ फ्रेम घेतल्यास तर रीड नॉइज धरून एकूण १३५. १५ सेकंदांच्या २४० फ्रेम घेतल्यास तर १४२. म्हणजे गायडिंगचा एवढा सगळा खटाटोप करून तुला मिळणार ५ टक्के! १ सेकंदाच्या ३६०० फ्रेम केल्यास मात्र २२४ होतो, तिथे टोल खरंच महागात पडतो. हल्लीचे छोटे सीमॉस कॅमेरे ज्यांचा रीड नॉइज १ इलेक्ट्रॉनच्या आसपास आहे त्यांना तर १ सेकंदाच्या ३६०० फ्रेमलाही फक्त १४७ येतो, म्हणून लोक त्यावर एक-दोन सेकंदांचे हजारो सब घेतात आणि चांगले फोटो काढतात.

आकडेमोड नको असेल तर कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघ. डोंगर डावीकडच्या भिंतीपासून स्पष्ट सुटला आणि साधारण पाव अंतरावर आला की बास, त्यापुढे फ्रेम लांबवून फारसं काही मिळत नाही. कोथरूडला एफ/५, आयएसओ १६०० ला हे १०-१५ सेकंदांत व्हावं.

आता ३० सेकंदांचा पॅटर्न. ईक्यू-३ चा वर्म (माउंट फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) एक फेरा साधारण ११ मिनिटांत पूर्ण करतो आणि त्या फेऱ्यात माउंट थोडा पुढे थोडा मागे डुलतो. ही चूक मधूनच वेगाने वाढते आणि दोन टोकांना वळताना जवळजवळ थांबते. तुझ्या गोल फ्रेम त्या वळणाच्या वेळच्या. समजा डुलणं अधिक-उणे २० आर्कसेकंद आहे, तर वाईटात वाईट वेळी सेकंदाला ०.१९ आर्कसेकंद सरकतं. तुझा एक पिक्सेल १.१८ आर्कसेकंदांचा. ३० सेकंदांत जवळपास ५ पिक्सेल, १० सेकंदांत दीड. उत्तर तुला आधीच सापडलंय, १० ते १५ च्या मध्ये राहा आणि रात्रभर काढ.

---

फोकस_हुकला

मध्येच घुसतो, सॉरी. माझ्या १३० मिमी न्यूटोनियनला डीएसएलआर लावला की फोकसच होत नाही, फोकसर पूर्ण आत गेला तरी तारे मोठे डोनटच दिसतात. गच्चीकर तुमचा कसा झाला?

---

गच्चीकर

माझी दुर्बीण फोटोसाठीच्या मॉडेलमधली आहे, फोकसर बुटका दिलाय, त्यामुळे लगेच झाला. तुमचं बहुतेक इतर कोणी सांगेल.

---

डॉब_आणि_मी

@फोकस_हुकला, तुझी प्रतिमा नळीच्या जास्तच जवळ पडतीया आणि डीएसएलआरचा सेन्सर बॉडीत खोल ४४ मिमी आत बसलेला, त्यात टी-रिंगची (कॅमेरा जोडायच्या कडीची) भर, त्यामुळं तो तिथपर्यंत पोचतच न्हाई. तीन उपाय. बार्लो लाव, फोकस होईल पण २एक्स बार्लो म्हंजे फोकल लेंग्थ दुप्पट आणि नेब्युला चौपट अंधुक, आणि माउंटच्या चुका पण दुप्पट दिसणार, म्हंजे या कामाला बादच. दुसरा, मुख्य आरसा लांब बोल्ट आणि स्प्रिंग टाकून पुढं सरकव, पैसे कमी लागतात आणि जमतं. तिसरा, आयपीसच्या नळीत बसणारा छोटा ग्रहांचा कॅमेरा, त्याचा सेन्सर तोंडाशीच असतो.

आता गच्चीकरभाऊ तुमच्याकडं येतो. मी कोल्हापूरकडचा, ८ इंची डॉब (साध्या बैठकीवरची न्यूटोनियन), १२०० फोकल, मोटरवाला पण अल्ट-ॲझ, म्हंजे वर-खाली आणि डावी-उजवी हलणारा. त्याच्यावर छोटा कॅमेरा ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा. ज्यांच्याकडं मोटर पण न्हाई त्यांच्यासाठी सांगतो, आकाश विषुववृत्ताजवळ सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, माझ्या सेटअपला ते २३ पिक्सेल. म्हंजे हाताच्या डॉबवर सेकंदाचा विसावा भाग हीच मर्यादा, तेवढ्यात एम ४२ चा गाभा आणि त्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे येतात, बाकी चंद्र आणि ग्रह.

मोटर असली की मात्र खरी मजा छोट्या नेब्युलांत हाय आणि तिकडं कोण बघतच न्हाई. प्लॅनेटरी नेब्युला, म्हंजे मरणाऱ्या ताऱ्यानं सोडलेला वायू. एम ५७ बघा, स्वरमंडळातला, अभिजितच्या जवळ, सगळा मिळून दीड आर्कमिनिटसुद्धा न्हाई पण उजेड तेवढ्यात दाबून भरलेला. आता मृगाचा सीझन चालू हाय तर मिथुनेत एनजीसी २३९२ हाय, त्यापेक्षा पण छोटा. मार्च-एप्रिलला वासुकीत एनजीसी ३२४२, ज्याला गुरूचं भूत म्हणत्यात, आपल्याकडनं ५० अंशाच्या वर जातो. हे सगळे १-२ सेकंदांच्या फ्रेममध्ये लाइव्ह दिसतात राव, स्क्रीनवर, रंगासकट. एम ५७ निळसर हिरवा आणि कडेला लाल.

आणि इथं छोटं एक्स्पोजर ही नुसती तडजोड न्हाई, फायदा हाय. हवा थरथरती, कधी अर्धा सेकंद स्थिर कधी उकळत्या पाण्यागत. ५ मिनिटांच्या फ्रेममध्ये सगळं थरथरणं एकात एक मिसळून तारा फुगतो. १ सेकंदाच्या फ्रेम असल्या की वाईट निम्म्या फेकून द्यायच्या, चांगल्या तेवढ्या ठेवायच्या. एम ५७ च्या कड्याची जाडी, आतली पट्टी असलं काही बघायचं असलं तर हीच पद्धत. मोठ्या नेब्युलाला याचा फार उपयोग न्हाई.

---

टेम्सकाठचा_मराठी

मँचेस्टरला राहतो (आयडी लंडनला असतानाचा आहे, बदलायचा राहिला). एकच सांगायचं होतं, तुम्हाला माहीत नाही तुम्ही किती नशीबवान आहात ते. इथे ५३ अंशांवर एम ४२ जेमतेम ३१ अंश वर येतो, शेजाऱ्याच्या चिमणीच्या मागेच असतो. पुण्यात ६६ अंश. धनु राशीतला लगून, एम ८, इथे १२ अंश, म्हणजे बघितला काय नि नाही काय, तुम्हाला ४७. फक्त तुमचा पावसाळा आडवा येतो हे मान्य.

---

गच्चीकर

@मृगजळ, वा, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. मित्राला परिच्छेद पाठवला, त्याचं उत्तर 'हम्म' आलंय.

दोन नवीन शंका. १५ सेकंदांवर पण ट्रॅपेझियम पांढरा फटक होतोय, आणि पंखांसाठी तेवढं तर लागणारच. आणि ध्रुवतारा दिसत नसताना पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) किती नीट करावी लागते? सध्या फोनच्या कंपासने उत्तर धरतोय आणि १८.५ अंश उंची लावतोय.

---

मृगजळ

गाभ्यासाठी वेगळा सेट घे. २ सेकंद, आयएसओ ४०० किंवा ८००, ४०-५० फ्रेम पुरतात कारण तिथे उजेड भरपूर आहे. दोन्ही सेट वेगवेगळे स्टॅक कर आणि शेवटी गिंप या फोटो एडिटरमध्ये लेअर मास्क लावून गाभा तेवढा बदल. एम ४२ ला सगळ्यांनाच हे करावं लागतं, त्याचा गाभा आणि कड यांच्या उजेडात इतका फरक आहे की कुठलंही एकच एक्स्पोजर दोघांना बसत नाही. ५ मिनिटंवाले पण शेवटी गाभ्यासाठी छोटे सब घेतातच.

२ सेकंदांच्या फ्रेमला एक काळजी घे, कॅमेऱ्यातला आरसा वर आपटतो त्याची थरथर एवढ्या छोट्या फ्रेममध्ये दिसते. लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून काढ म्हणजे आरसा आधीच वर असतो. १५ सेकंदांना फरक पडत नाही.

अलाइनमेंट: छोट्या सबचं हे अजून एक सुख. अक्ष अर्धा अंश चुकला तरी १० सेकंदांत सव्वा आर्कसेकंदाच्या आसपास सरकेल, म्हणजे तुझा एक पिक्सेल. पण फोनच्या कंपासवर विश्वास ठेवू नकोस, गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया आहेत, टाकीशेजारी तर लोखंडी शिडी पण असेल, कंपास कुठेही दाखवतो. ड्रिफ्टने कर, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून. मृगाच्या बाणातले तीन तारे, त्यातला जो सगळ्यात आधी उगवतो तो मिंटाका, तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. तो दक्षिणोत्तर रेषेजवळ आला की क्रॉसहेअरवर धर आणि मोटर चालू ठेवून बघत बस. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला एखादा तारा घे, तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे तर वर. २० मिनिटांचं काम, आणि मग गच्चीच्या फरशीवर तिन्ही पायांच्या जागी खडूने किंवा पेंटने खुणा कर. सोसायटीवाले बोंबलतील तर बोंबलू देत. लॅपटॉप वर नेत असशील तर निना हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तीन बिंदूंची अलाइनमेंट आहे तिला ध्रुवतारा लागतच नाही, आकाशाचा कुठलाही तुकडा चालतो.

---

अमावास्या_स्पेशल

मृगजळ यांचं गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंय असं माझं मत. सगळ्यांनी खूश होऊन 'शॉर्ट एक्स्पोजर झिंदाबाद' करायच्या आधी दोन गोष्टी.

एक, फिल्टर. गच्चीकर, फिल्टर घेऊ नका, निदान या पद्धतीसाठी नको. जुने लाइट पोल्यूशन फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनलेले, त्यांचा उजेड ठरावीक रंगांतच असायचा म्हणून कापता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला आहे, तो कापणार कुठून. आणि हल्ली सगळे ज्याची शिफारस करतात ते ड्युअल-बँड फिल्टर, जे ५०० नॅनोमीटरजवळचा ऑक्सिजन आणि ६५६ चा हायड्रोजन एवढंच सोडतात, ते आकाश खरंच काळं करतात, पण तिथेच मेख आहे. आकाश काळं झालं की रीड नॉइज उघडा पडतो आणि मग १५ सेकंद पुरत नाहीत, ३-५ मिनिटं लागतात आणि गायडिंग आलं. म्हणजे छोटे सब आणि अरुंद फिल्टर एकत्र नांदत नाहीत. शिवाय तुमचा कॅमेरा मॉडिफाय केलेला नाही, कंपनीचा फिल्टर ६५६ चा लाल उजेड साधारण पाव भागच आत सोडतो. म्हणून घोड्याचं डोकं, रोझेट, कॅलिफोर्निया असल्या लाल आणि फिकट नेब्युलांच्या नादाला सध्या लागू नका. एम ४२ मध्ये निळं, हिरवट, परावर्तित असं सगळंच भरपूर असल्याने तो वाचतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मृगजळ यांचंच गणित काळ्या आकाशाला लावा. तिथे पिक्सेलला सेकंदाला ५ ऐवजी पाव इलेक्ट्रॉन धरा. तासाभराचे ९००. ५ मिनिटांचे सब घेतले तर नॉइज ३२, १५ सेकंदांचे घेतले तर ५५. म्हणजे खेड्यात गेल्यावर छोट्या सबचं नुकसान शहरापेक्षा कितीतरी जास्त, ७० टक्क्यांच्या वर. हे खरं. पण आता तो ५५ शहराच्या १३५ शेजारी ठेवा! शहरातून गायडिंग, ५ मिनिटांचे सब, सगळं करून १३५, आणि काळोखात गायडिंग नसलेल्या ईक्यू-३ वरून १५ सेकंदांचे सब घेऊन ५५. अडीचपट फरक. नेब्युलाच्या स्वतःच्या उजेडाचा नॉइज यात धरलेला नाही, त्यामुळे उजळ भागात एवढा फरक पडणार नाही, पण फिकट पंखांसाठी हिशोब असाच राहतो.

तेव्हा पुढच्या वर्षी बोनस आला की गायड कॅमेऱ्याआधी पेट्रोलवर खर्च करा असं मी म्हणेन. विदर्भात कोणी नातेवाईक असतील तर पेंच आहेच, जानेवारी २०२४ मध्ये त्याला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर केलं. मुंबईकरांचं वांगणी आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, बदलापूरचा उजेड अंगावर येतो.

---

मृगजळ

मान्य. ५५ आणि १३५ ची तुलना मी करायला हवी होती, पूर्ण सहमत. एकच भर, शहरातली गच्ची रोज मिळते आणि खेडं महिन्यातून एकदा, आणि ते पण त्या शनिवारी ढग नसले तर. अडीचपट नॉइज भरून काढायला गच्चीवर सहापट वेळ लागतो, म्हणजे एका तासाच्या जागी सहा तास. हिवाळ्यात ते तीन-चार रात्रींत जमतं.

---

अमावास्या_स्पेशल

जमतं, पण ग्रेडियंट (शहराच्या उजेडाचा उतार) काढता काढता तितक्याच रात्री लॅपटॉपसमोर जातात :)

---

नवखी_निरीक्षक

या सगळ्या माउंट-बिंदू-ड्रिफ्टच्या भानगडीपेक्षा सीस्टार (सगळं एकत्र असलेली स्मार्ट दुर्बीण) का नाही घेत कोणी? माझ्याकडे एस५० आहे, ठाण्याच्या बाल्कनीत ठेवते आणि आत येऊन जेवते. ५० मिमीची लेन्स, तो पण १० सेकंदांचेच सब घेतो आणि आपोआप जोडतो. एम ४२ अर्ध्या तासात छान येतो.

एकच त्रास, काही रात्री तो निम्म्या फ्रेम टाकून देतो आणि काही रात्री सगळ्या घेतो. ठिकाण तेच, नेब्युला तोच. कारण काय असेल?

---

डॉब_आणि_मी

ताई, रात्री किती वाजता लावता? तुमचा पण अल्ट-ॲझ आणि माझा पण, त्यामुळं हे माझ्या अभ्यासाचं झालंय. अल्ट-ॲझ दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवी हलती पण आकाश फिरतं वाकडं, त्यामुळं चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरतं, फील्ड रोटेशन. आणि त्याचा वेग आकाशात सगळीकडं सारखा नसतो. एम ४२ पूर्वेला ३० अंशावर असतो तेव्हा आपल्या अक्षांशावरनं तो तासाला ५ अंश फिरतो. तोच डोक्यावर दक्षिणोत्तर रेषेत आला की तासाला ३५ अंश! सातपट. १० सेकंदांत मधल्या भागात काही कळत न्हाई पण मध्यापासनं हजार पिक्सेल लांबच्या कोपऱ्यात तारा दीड-पावणेदोन पिक्सेल सरकतो, त्यात वारा बिरा आला की सॉफ्टवेअर फ्रेम नाकारतं.

आमच्या बाबतीत सगळे म्हणतात तसं 'वस्तू सगळ्यात उंच असताना फोटो काढ' हे चालत न्हाई. डिसेंबरात साडेआठ-नऊला पूर्वेकडं ३०-५० अंशावर असताना लावा, डोक्यावर आला की दुसरं काहीतरी बघा, पश्चिमेला उतरला की परत लावा. गच्चीकरभाऊंना हे लागू न्हाई, त्यांचा ईक्यू हाय, त्यांनी उंच असतानाच काढावं.

---

नवखी_निरीक्षक

अय्या, खरंच! मी मुलं झोपल्यावर साडेअकरा-बाराला लावते तेव्हाच जास्त टाकतो. बाल्कनी पूर्वेलाच आहे, आता लवकर लावून बघते.

---

गच्चीकर

मंडळी, काल रात्री फ्लडलाइट बंद झाल्यावर पहाटेपर्यंत काढलं. १२ सेकंद, आयएसओ १६००, शिवाय गाभ्याचा २ सेकंदांचा सेट. सिरिल सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलं. पंख आले! म्हणजे अगदी पुस्तकातल्यासारखे नाहीत पण एम ४३ चा स्वल्पविराम वेगळा दिसतोय, मधली काळी पट्टी दिसतीये, आणि वर रनिंग मॅन नेब्युलाच्या जागी निळसर काहीतरी आहे जे मी स्वप्नात बघतोय की खरं ते माहीत नाही. फोटो खाली टाकलाय.

पण स्ट्रेच केल्यावर (अंधारा भाग उजळवल्यावर) सगळ्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेघा दिसतायत, पाऊस पडल्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेने. आणि कोपरे काळे. हे काय?

---

मृगजळ

निळसर आहे ते खरं आहे, एनजीसी १९७७. कोथरूडवरून हे म्हणजे खरंच शाबास.

रेघा म्हणजे वॉकिंग नॉइज. अलाइनमेंटमध्ये थोडी चूक आहे त्यामुळे नेब्युला रात्रभर सेन्सरवर हळूहळू एकाच दिशेने सरकत गेला. सेन्सरच्या स्वतःच्या खोडी, गरम पिक्सेल वगैरे, जागेवरच असतात, आणि स्टॅकिंगमध्ये तारे जुळवले की त्या खोडी रेघ ओढत जातात. हजार फ्रेम टाकल्या तरी जाणार नाही कारण हा यादृच्छिक गोंगाट नाही. उपाय हाताने: दर २०-२५ फ्रेमनंतर स्लो-मोशनचं बटण किंवा नॉब किंचित फिरवून चित्र थोडं हलव, कधी इकडे कधी तिकडे, ठरावीक क्रम नको. डिदरिंग म्हणतात त्याला, गायडिंगवाल्यांचं सॉफ्टवेअर आपोआप करतं, तुला उठून करावं लागेल. त्या निमित्ताने आरशावर दव बसलंय का तेही बघून होतं.

कोपऱ्यांसाठी फ्लॅट (सगळीकडे सारख्या उजेडाच्या फ्रेम) घे. पहाटे उजाडायला लागलं की नळीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बांध आणि २०-३० फ्रेम काढ, कॅमेरा आणि फोकस अजिबात न हलवता. शहरात फ्लॅटशिवाय पर्याय नाही, आकाश एवढं उजळ असतं की सेन्सरवरची धूळसुद्धा वर्तुळं होऊन दिसते. उरलेला उजेडाचा उतार ग्रॅक्सपर्टने काढ, तेही फुकट आहे.

---

अमावास्या_स्पेशल

छान आलाय फोटो. हिरवा रंग थोडा कमी करा, सिरिलमध्ये हिरवा नॉइज काढायचं एक बटण आहे.

आणि सेकंडहँड कॅमेऱ्याचा शटर काउंट किती आहे ते बघून ठेवा. छोट्या सबचा हा एक खर्च कोणी सांगत नाही, ५ मिनिटंवाल्याचं शटर रात्रीत ५०-६० वेळा उघडतं, तुमचं हजार-दीड हजार वेळा.

---

गच्चीकर

बाप रे, शटरचं डोक्यातच नव्हतं आलं. बघतो.

पुढचा प्लॅन असा की अमावास्येच्या आसपास वेल्ह्याकडे मामांच्या शेतावर जायचं, तिथे वीज पण धड नसते त्यामुळे काळोखाची काळजी नाही. माउंटची मोटर पॉवरबँकवर चालते. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर तिथूनच एम ८ आणि एम १७ करायचा विचार आहे पाऊस यायच्या आत. तिथे काळं आकाश म्हणजे तुमच्या हिशोबाने सब लांबवायला हवेत, पण माउंट तर तोच. मग २० सेकंद करून खराब फ्रेम फेकू की १२ वरच राहू?

---

मृगजळ

तिथे २०-२५ कर आणि निम्म्या फेकाव्या लागल्या तर फेक. उत्तर मोकळं असेल तर अलाइनमेंट पण नीट होईल. एम १७ आधी घे, तो छोटा आणि दाट आहे, एम ८ चा गाभा सोपा पण कडेचा भाग तुझ्या कॅमेऱ्याच्या फिल्टरमुळे फिकाच येईल. दोन्ही एम ४२ एवढे उजळ नाहीत हे लक्षात ठेव.

आणि कालच्या रॉ फाइल्स जागा मोकळी होते म्हणून डिलीट करू नकोस, पंचवीस-तीस जीबी असतील तरी. कॅमेरा आणि दुर्बीण तीच राहिली तर वेल्ह्याच्या, पुढच्या हिवाळ्याच्या, सगळ्या फ्रेम याच्यात मिळवता येतात. प्रत्येक रात्रीचे फ्लॅट मात्र त्या त्या फोल्डरमध्ये वेगळे ठेव.